कौटुंबिक कलह व मुलांचे मानसिक आरोग्य

घरातील मोठ्यांची सततची भांडणे, शिवीगाळ, मारहाण, धमक्या आणि दिवसेंदिवस चालणारा अबोला यांचा मुलांच्या मनावर, झोपेवर, अभ्यासावर व पुढच्या नात्यांवर होणारा परिणाम. मुलाला स्वतःला मार बसला नाही म्हणजे ते सुटले, हा समज चुकीचा आहे. भिंतीपलीकडून ऐकणारे मूलही त्या भांडणात ओढले जाते.

अशा घरात मूल सतत कानोसा घेत असते. कडी कशी वाजली, ताट कसे आपटले, यावरून आजची रात्र कशी जाणार हे ते ताडते. शरीर सावधच राहते, झोप तुटक होते. लहानगी पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. शाळकरी मुलांचे सकाळी पोट दुखते आणि तपासणीत काही सापडत नाही. किशोरवयात कोणी अंगावर धावून जाते, कोणी मिटून जाते. नैराश्य, व्यसन, स्वतःला इजा करणे इथवर गोष्ट पोचू शकते. धाकट्यांना घेऊन आतल्या खोलीत जाणाऱ्या थोरल्या मुलीला सगळे समंजस म्हणतात, आणि तिचेच दुःख सर्वांत उशिरा लक्षात येते. ‘माझ्यामुळेच भांडतात’ असे मानणारी मुलेही पुष्कळ असतात.

केंद्र सरकारच्या २००७ मधील अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी झाली. दोन तृतीयांशांहून अधिक मुलांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते.

वैभव हे यावरचे कवच नव्हे. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव पवार व कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या यांचा संसार मोडला. १९१० मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९२७ च्या अखेरीस वडिलांचे राज्य सोडून इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या आश्रयाला गेले. वडील आपल्याला विष देतील, अशी भीती त्यांच्या मनात होती, असे तुकोजीरावांचे स्नेही, इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) वरून दिसते. तो संशय खरा की खोटा, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घरात असे भय वाटावे, हीच खरी हानी.

मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज व पॅट्रिक डेव्हिस यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, आपले घर टिकेल की नाही ही मुलाची मुख्य चिंता असते. म्हणून भांडण खरोखर मिटलेले दिसले की त्याचा ताण उतरतो. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डही भागातल्या भिल्ल-भिलाला समाजातील भांजगडीची रीत इथे विचारात घेण्याजोगी आहे. दोन्हीकडची वडीलधारी बसतात, भरपाई ठरते, तंटा चारचौघांत मिटतो. मुलाला मात्र तिथे कोणी काही विचारत नाही. याच भागातून हंगामात गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले कधी सोबत असतात, कधी आजीआजोबांकडे. शाळाही तुटते आणि लक्ष ठेवणारे शिक्षकही दुरावतात.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ नुसार पीडित स्त्रीला मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तर १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा चालते.