कृष्ण की कर्ण? चांद्याची सातवाहन नाणी

पोलंडमध्ये थोर नाणेतज्ज्ञांच्या स्मरणार्थ पदके पाडली जातात. नागपूरच्या वा. वि. मिराशींना १९७५ मध्ये पद्मभूषणाचे पदक मिळाले. त्यांचे काम मात्र चांद्याच्या नाण्यांवरूनच समजून घ्यावे.

चंद्रपूर-गडचिरोली मिळून एकच चांदा जिल्हा होता, त्या काळी तेथे सातवाहनांची पोटीन (तांबे-कथील मिश्रधातू) नाणी सापडली. काहींवर रॅप्सनने ‘कृष्ण सातकर्णी’ हे नाव वाचले. प्राकृतात ‘कण्ह’ म्हणजे कृष्ण, ‘कण्ण’ म्हणजे कर्ण. त्यात ठसा अर्धवट उमटलेला, अक्षरे काठाबाहेर गेलेली. शिवाय कृष्ण हे नाव पुराणांमुळे ओळखीचे!

१९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळ्याला दीड हजारांहून अधिक नाणी निघाली. ती अभ्यासून मिराशींनी तो राजा कर्ण ठरवला. पुराणांच्या राजावळीत हा कर्ण नाही.