पाळणाघरात नाव कुणाचं लागतं?

मुंबई-गोवा महामार्गानं खेड मागे टाकून चिपळूणकडे निघालं, की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे लागतं. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असतं ते एमआयडीसीमुळे, म्हणजे रासायनिक कारखाने, टँकर आणि पाळी सुटताना रस्त्यावर येणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या. पण याच पट्ट्यात कॉलेजंही उभी राहिली आहेत. घाणेखुंट-लोटे इथं महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचं आयुर्वेद महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तर जवळच्या लवेलला घरडा फाउंडेशनचं अभियांत्रिकी महाविद्यालय. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे कौमारभृत्य. बाळाला काय भरवावं, दात येताना काय जपावं, दाई कशी निवडावी इथपर्यंतचा विचार त्यात येतो. शास्त्रानं दाईची निवडसुद्धा सोडली नाही. ते शास्त्र शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या बाईनं तोवर आपलं मूल कुणाकडे ठेवायचं, हा मात्र तिच्या घरचा प्रश्न मानला गेला.

कोकणात त्याला ठरलेलं उत्तर होतं. नवरा मुंबईला चाकरमानी, शेती बाईच्या अंगावर आणि मूल आजीच्या मांडीवर. आजी नसेल तर आठ-दहा वर्षांची थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची. तिची शाळा सुटायची, पण त्याची नोंद कुठे व्हायची नाही. 2011च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष कामासाठी बाहेर गेल्याचा हा हिशेब. घर, रान आणि पोरं कुणी सांभाळली, हेही त्यातून कळतं.

पाळणाघराची गरज सरकारदरबारी पहिल्यांदा पोचली ती गावातून नव्हे, गिरणगावातून. मुंबईच्या कापड गिरण्यांत 1920च्या दशकात कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या, बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. 1922 साली मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या आयांची पाहणी केली. कामावर जाणाऱ्या बायांच्या शेकडा 98 अर्भकांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. बाळाला सकाळी बाळगोळी चाटवायची, ते गुंगीत पडून राहायचं आणि आई खात्यात उभी राहायची. हा आकडा वाचून त्या काळी पुष्कळांनी आयांच्या अडाणीपणाला बोल लावला. दहा तासांच्या पाळीत मूल ठेवायला जागा कुठे होती, हे विचारणारे थोडे.

त्या थोड्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर 28 जुलै 1928 रोजी बोलताना त्यांनी विधेयकाची बाजू घेतली. बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तेव्हा तिच्या बाळंतपणाच्या खर्चाचा काही भार त्यानं उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली कायदा झाला. पुढे 1934च्या कारखाना कायद्यानं प्रांतिक सरकारांना अधिकार दिला: पन्नासाहून जास्त बाया असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावायची. स्वातंत्र्यानंतर 1948च्या कायद्यात ती सक्तीची झाली. नियमांनी तपशीलही बारकाईनं भरला. प्रत्येक मुलामागे किती जागा, रोज किती दूध, वेगळा टॉवेल, साबण आणि आईला अंगावर पाजायला दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांची सुट्टी. 1976च्या दुरुस्तीनं पन्नासाचा आकडा तीसवर आणला.

गोम या आकड्यातच होती. मूल आत येणार की नाही, हे बायांच्या मोजणीवर ठरायचं. एकतिसाव्या बाईमुळे खर्च वाढत असेल, तर तीसच ठेवाव्यात, हे गणित मालकाला कुणी शिकवावं लागत नाही.

लोट्यात ऐंशीच्या दशकात रासायनिक कारखाने उभे राहिले, तेव्हा हे गणित मांडायचीही फारशी गरज नव्हती. 1982च्या गिरणी संपानंतर कोकणातले कितीतरी कामगार गावी परतले होते, काम मागायला पुरुषांचा तोटा नव्हता. रिॲक्टर रात्रंदिवस चालणारे, तीन पाळ्यांचं काम, आणि कारखाना कायदा तर बायांना रात्रपाळीला उभं करू देत नव्हता. महाराष्ट्रानं ही अट सैल केली ती थेट 2015 साली. गिरणीनं बायांना आत घेऊन त्यांची मुलं बाहेर ठेवली होती. रसायनांच्या कारखान्यात मुळात बायाच कमी. ज्या कायद्यात पाळणाघर बसवलं होतं, तो कोकणातल्या बहुतेक आयांच्या वाटेला आलाच नाही.

दुसरी वाट उत्तरेकडच्या किनाऱ्यावर निघाली. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई मोडक 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, नोकरी करत शिकलेल्या. बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. झाडाखाली, कुणाच्या अंगणात. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे कामाला आले. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली मुलींचा प्रश्न पुढे आला. कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेत येणार कशी? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्या रचनेला विकासवाडी म्हणत. मुलीनं येताना धाकट्याला पाळणाघरात सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढल्या.

पाळणाघराचा उपयोग शिकणाऱ्या व्यक्तीला होतो, हे इतक्या थेट मांडणारा प्रयोग त्याआधी आपल्याकडे क्वचितच झाला असेल. कारखान्याच्या खोलीत मूल यायचं ते आईच्या बिल्ल्यामुळे. कोसबाडला ते यायचं बहिणीच्या पाटीमुळे. विद्यापीठांनी हा धडा त्याच वेळी उचलायला हरकत नव्हती, पण त्यांचं लक्ष वेगळीकडे होतं.

स्त्रियांचं विद्यापीठ काढणारे धोंडो केशव कर्वे हे याच खेड तालुक्यातले. 1858 साली शेरवलीत त्यांचा जन्म झाला. पुण्याजवळ हिंगण्याला त्यांनी विधवांसाठी आश्रम चालवला आणि 1916 साली विद्यापीठ स्थापलं. हिंगण्याला शिकायला आलेल्यांत देवरुखच्या पार्वतीबाई आठवले होत्या, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरी लहान मुलगा. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया ही त्यांची सख्खी बहीण, म्हणून पुण्यात पाय टेकायला घर होतं. पुढे पार्वतीबाई आश्रमाच्या अधीक्षक झाल्या, निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेल्या. अशी बहीण नसलेल्या किती बायांनी अर्जच केला नसेल!

विद्यापीठाच्या आवारात लहान मुलं आली ती अभ्यासाचा विषय म्हणून. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं 1917 साली बालकल्याण संशोधन केंद्र काढलं आणि तिथून प्रयोगशाळेसारख्या बालवाड्यांची पद्धत रुजली. तिची आपल्या जवळची शाखा म्हणजे बडोदा. हंसा मेहता कुलगुरू असताना सयाजीराव विद्यापीठात 1950 साली गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली आणि तिची चेतन बालवाडी नावारूपाला आली. बडोद्याच्या मराठी घरांनाही ती परिचयाची. काम उत्तम, यात शंका नाही. पण तिथला केंद्रबिंदू होता मूल आणि त्याचं निरीक्षण करणारी विद्यार्थिनी. दुपारी प्रयोगशाळेत अडकलेली आई त्या मांडणीत नव्हती.

आईचा विचार बराच उशिरा आला. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (2007-12) विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या दिवसभराच्या पाळणाघरांसाठी योजना आणली. वय साधारण तीन महिने ते सहा वर्षं, सेवा सशुल्क. पात्र कोण, तर कर्मचारी, विद्यार्थी आणि संशोधक. म्हणजे पगार नसलेल्या आईचं मूलही हजेरीपटावर येऊ शकत होतं. 2016 साली पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना 240 दिवसांपर्यंत रजेची सोय झाली. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही लहान मुलांच्या संगोपन केंद्राबद्दल विचारणा सुरू झाली. तेव्हापासून कॉलेजांच्या अहवालांत पाळणाघराचे फोटो दिसू लागले. रंगीत भिंत, घसरगुंडी, दोन टेडी बेअर. काही ठिकाणी फोटोत मूल नसतं, ते का, हे समितीच्या लक्षात येत असेलच.

अशा केंद्रात नाव घालायला जाणाऱ्या आईपुढे येणारा अर्ज पाहण्यासारखा असतो. जन्माचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड हे तर आलंच, शिवाय कशाची ॲलर्जी, झोपायची वेळ, आणि मुलाला न्यायला कोण येणार. कोकणात या शेवटच्या रकान्यात पुष्कळदा आजोबांचं नाव आणि वाडीचा पत्ता पडतो, कारण घर आणि कॉलेज यांच्यामध्ये एसटीची वेळ असते. गावच्या अंगणवाडीनं हे भागत नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी वाडीवस्तीवर पोचली. तिथं पोषण आहार मिळतो, वजन होतं, पण ती दुपारी सुटते. रुग्णालयातली इंटर्न दुपारी सुटत नाही.

2017च्या प्रसूती-लाभ दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा दिली. यात बायांऐवजी एकूण कर्मचारी मोजले जातात. 1934च्या कायद्यातली खोड इथं काढली गेली. लोट्यासारख्या ठिकाणी, जिथं कारखान्यात पुरुषच जास्त, हा फरक कागदावर तरी मोठा आहे.

आता मोजणीबाहेर राहतात त्या वेगळ्या बाया. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिका, ठेकेदाराकडून येणाऱ्या सफाई कामगार, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या. दिवसभर त्या कॉलेजच्याच आवारात असतात, पगार मात्र दुसऱ्याच खात्यातून निघतो. कॉलेजच्या पाळणाघराच्या नियमावलीत ‘कर्मचारी’ म्हणजे कोण, ही ओळ कशी लिहिली जाते, यावर त्यांच्या पोरांचं नाव लागणं अवलंबून आहे.