दरखदार आणि अणूचे नियमन

राजधानीत बसलेल्या सत्तेला मुलुखाच्या टोकाशी काय चालले आहे हे कळावे कसे, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. पेशवाईने त्याला दिलेले उत्तर असे होते, की वसूल करणाऱ्या मामलतदाराच्या शेजारीच हुजुरातून नेमलेले फडणीस, मुजुमदार, चिटणीस असे दरखदार बसवावेत, त्यांच्या निशाणीवाचून त्याचा हिशेब मान्य होऊ नये, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मात्र त्या मामलतदाराला असू नये. मोगलाईत गुलशनाबाद म्हणविणाऱ्या नाशिकनेही पुढे पेशव्यांचा हा अंमल पाहिला. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या अगदी जवळ असावे, पण त्याच्या ताब्यात नसावे, हे या व्यवस्थेतील मर्म एकविसाव्या शतकात याच जिल्ह्यात एका सर्वस्वी निराळ्या कारणाने पुन्हा कसोटीला लागले. ते कारण म्हणजे अणुशक्ती.

स्वतंत्र भारताने अणुऊर्जेचा पहिला कायदा १९४८ साली केला, तो बदलून १९६२ साली दुसरा आणला, आणि किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम १९७१ साली जारी केले. तथापि या नियमांची अंमलबजावणी पाहण्यासाठी निराळे मंडळ नेमण्यास १९८३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबर रोजी, १९६२ च्या कायद्यातील २७ व्या कलमान्वये, राष्ट्रपतींच्या आदेशाने अणुऊर्जा नियामक मंडळ अस्तित्वात आले. त्याचे मुख्यालय मुंबईच्या अणुशक्तिनगरात राहिले. पुढे चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथे त्याची प्रादेशिक केंद्रे निघाली. महाराष्ट्राचा कारभार मात्र मुंबईच्या दफ्तरातूनच चालत आला.

या दफ्तराचा आणि नाशिक जिल्ह्याचा संबंध आला तो कांद्यामुळे. निफाड तालुक्यातील लासलगावची बाजारपेठ ही देशातील कांद्याच्या भावाची नाडी समजली जाते. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवावा आणि भाव येण्याची वाट पाहावी, तर पावसाळा सरता सरता त्याला कोंब फुटतात, आणि शेतकऱ्याची सहा महिन्यांची मेहनत लिलावात मातीमोल होते. काढणीनंतर सुकविलेल्या कांद्याला गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा दिली असता त्याची कोंब धरण्याची शक्ती नष्ट होते, हे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना प्रयोगांनी दिसून आले होते. १९८० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने दहा किलोग्रेपर्यंतची मात्रा अन्नास निर्धोक ठरविली, १९९१ साली आपल्याकडे अन्नाच्या विकिरणाचे नियम झाले, १९९४ साली कांदा, बटाटा आणि मसाले यांना अनुमती मिळाली. आणि २००२ साली लासलगावी कृषि उत्पादन संरक्षण केंद्र, लोकांच्या तोंडी ‘कृषक’, कार्यान्वित झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. या केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० या समस्थानिकातून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा इतकी मर्यादित असते, की त्यांच्या योगे कांदा स्वतः किरणोत्सारी होऊच शकत नाही. भय असते ते कांद्याचे नव्हे, तर त्या कोबाल्टचे, आणि तेही अशा प्रसंगी, की जेव्हा एखादा मनुष्य नको त्या वेळी त्याच्या समोर जाऊन उभा राहतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात, सान साल्वादोर नगराजवळ, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे असेच एक केंद्र होते. ५ फेब्रुवारी १९८९ रोजी तेथील कोबाल्टचा सांगाडा वर अडकला, आणि तो सोडविण्यास तीन कामगार आत शिरले. दार रोखून धरणाऱ्या सुरक्षायोजना वर्षानुवर्षांच्या हयगयीने निकामी झाल्या होत्या. त्या तिघांपैकी एकाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला व दोघांचे पाय कापावे लागले. यंत्र परदेशातून आलेले, कारखाना चालविणारे देशी, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा त्या देशात मुळी नव्हतीच.

असे घडू नये म्हणून आपल्या नियमांनी विकिरण केंद्राच्या वाटेवर एकामागून एक चौक्या बसविल्या आहेत. प्रथम जागेस मान्यता, मग आराखडा व बांधकाम यांस मान्यता, मग कोबाल्ट आणण्याचा परवाना, मग चाचण्या, आणि सरतेशेवटी केंद्र चालविण्याचा मुदतबंद परवाना. त्यानंतरही नियतकालिक अहवाल पाठवावे लागतात आणि निरीक्षक कधी कळवून, कधी न कळविता तपासणीस येतात. दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, कोबाल्ट बाहेर असता न उघडणारे दार, कामगाराच्या छातीवर लावलेला आणि त्याच्या शरीरास पोहोचलेल्या किरणांची नोंद ठेवणारा बिल्ला, या सर्वांची पाहणी त्या तपासणीत होते. कामगारास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाकाठी २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट याहून अधिक मात्रा पोहोचता कामा नये, असा दंडक आहे.

परंतु मुंबईहून लासलगाव सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर, आणि निरीक्षक तेथे रोज येऊ शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या २००४ च्या नियमांनी विकिरण सुरक्षा अधिकारी या पदावर भिस्त ठेविली. त्याची नेमणूक मालकाने करावयाची, पण नियामकाच्या लेखी संमतीने. त्याचा पगार मालकाच्या तिजोरीतून, पण त्याची निष्ठा नियमांशी. हाच आधुनिक दरखदार; फरक एवढाच, की पेशवाईतील दरखदार मामलतदाराच्या मर्जीवर अवलंबून नसे, आणि आजच्या अधिकाऱ्याची भाकरी मात्र ज्याच्यावर त्याने नजर ठेवावयाची त्याच्याच हाती असते.

प्रत्यक्ष जागी बसलेल्या निरीक्षकाचे महत्त्व लासलगावास पुढे एका परक्या दरबाराने शिकविले. अमेरिकेत भारतीय आंब्याला अनेक वर्षे बंदी होती. २००७ साली ती उठली ती या अटीवर, की कोयीतील किडा आणि फळमाशी यांचा बंदोबस्त करण्यासाठी प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे मात्रा मिळावी, आणि हे काम अमेरिकेच्या कृषिखात्याचा निरीक्षक जातीने हजर असता व्हावे. अशी मान्यता मिळालेले अमेरिकेबाहेरील पहिले केंद्र लासलगावचे. त्या निरीक्षकाचा रोख किडीवर होता, कामगाराच्या सुरक्षेवर नव्हे, हे खरे. पण तो आला नाही तर पेटी हलत नसे, हेही तितकेच खरे. करोनाच्या साथीत त्याचे येणे खुंटले, तेव्हा २०२० आणि २०२१ या दोन हंगामांत निर्यात बंद पडली, आणि २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली. कांद्यासाठी बांधलेल्या या केंद्राचे नाव झाले ते आंब्यामुळे.

आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र आपण इतके काटेकोर राहिलो नाही. गावोगावच्या क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवण्यासाठी प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला होता; २०१२ साली महालेखापरीक्षकांनी पाहिले, तेव्हा ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत स्थापन झाले होते, आणि देशातील वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांपैकी सुमारे ९१ टक्के यंत्रे नोंदणीवाचून चालत होती. त्याआधी दोनच वर्षे दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाने विकून टाकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्टने एकाचा बळी घेतला होता. नियामकाला अणुऊर्जा खात्यापासून विलग करून कायद्याचे अधिष्ठान देणारे विधेयक २०११ साली लोकसभेत मांडले गेले, ते २०१४ साली ती लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. परवान्यांचा अर्जव्यवहार आता ‘ई-लोरा’ या संगणकप्रणालीवरून चालतो, त्यामुळे कागद लवकर हलतो. पण दाराची कडी निकामी झाली आहे की नाही, हे संगणकाला दिसत नाही, ते तेथे जाणाऱ्या माणसालाच दिसते.

एवढ्या इतिहासावरून निष्कर्ष एकच निघतो. नियमनाची योग्यता नियमांच्या संख्येने नव्हे, तर निरीक्षकाच्या सान्निध्याने आणि त्याच्या स्वातंत्र्याने ठरते. लासलगावचे केंद्र, जिल्ह्यातील क्ष-किरण चिकित्सालये आणि कर्करोगावर किरणोपचार करणारी रुग्णालये यांच्यासाठी, ज्याचा पगार मालकाच्या तिजोरीतून येत नाही आणि ज्याच्या अहवालास खात्याचे भय नाही, असा एक निरीक्षक नाशकातच बसविणे ही काही मोठी मागणी नव्हे. पेशव्यांना जे परगण्याच्या वसुलासाठी आवश्यक वाटले, ते माणसांच्या जिवासाठी अनावश्यक मानण्याचे कारण नाही.