रिकामे सिलिंडर

कापड शुभ्र करायला क्लोरिनसारखा गडी नाही. पण हा विषारी वायू गिरणीपर्यंत पाठवायचा कसा? ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली तो विझवलेल्या चुन्यात मुरवून ब्लीचिंग पावडर विकायला काढली. युक्ती नामी खरी. मात्र चांगल्या पावडरीतही कामाचा क्लोरिन शेकडा पस्तीसच्या आसपास. बाकीचे भाडे चुन्याचे!

पुढे १८८८ मध्ये जर्मनीतल्या बी. ए. एस. एफ. कारखान्यात रुडॉल्फ क्नीत्शने क्लोरिनचा मोठ्या प्रमाणावर द्रव केला, आणि चुन्याचे लोढणे सुटले. सारी मेख कोरडेपणात होती. नेहमीच्या तापमानाला कोरडा क्लोरिन पोलादाला खात नाही. ओल शिरली की मात्र पोलाद कुरतडलेच म्हणून समजा. तेव्हा भांडे पोलादी झाले, आणि पुन्हा भरण्यासाठी कारखान्यात परतू लागले.

या व्यापारातले खरे शहाणपण मला या परतीच्या फेरीत दिसते. ‘रिकामे’ सिलिंडर पुरते रिकामे करीतच नाहीत. थोडा वायू दाबासह आत राखून झडप मिटतात, म्हणजे दमट हवा शिरत नाही. आपल्या आजीने लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा, तसेच हे!

हीच विद्या २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने वापरली. सिलिंडरे उघडली, वारा शत्रूकडे होता. खंदकांतली माणसे गुदमरून मेली.

आज आपल्या कित्येक शहरांच्या पाणीपुरवठ्याला सुमारे ९०० किलो क्लोरिनची टाकी येते. तिला ‘टनर’ म्हणतात. ती ‘रिकामी’ होऊन परत निघते, तेव्हाही तिच्या झडपांवर टोपण चढवलेले असते.