कोळी कोणता, ठाकूर कोठला?

खानदेशांतील पुष्कळ जुन्या मराठी शाळांत दाखल-खारिजाचीं जुनीं रजिस्टरें अजून जपून ठेवलेलीं आहेत. १९२० किंवा १९३० सालच्या सुमारास कोणा पंतोजीनें त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख आणि जात लिहिली. जातीचा रकाना तो केवढा! त्यांत दोन-चार अक्षरें मावावयाचीं. पंतोजीनें 'कोळी' असें लिहिलें, शाई टिपली आणि तो पुढल्या मुलाकडे वळला. शंभर वर्षांनीं त्या मुलाच्या पणतूला वैद्यकीय महाविद्यालयांत जागा मिळावी कीं न मिळावी, हें आपण न लिहिलेल्या एका विशेषणावर ठरणार आहे, असें त्याच्या स्वप्नांतही आलें नसेल.

जळगाव व धुळें या दोन जिल्ह्यांतील कोळी आणि ठाकूर यांचा अनुसूचित जमातींत समावेश होतो कीं नाहीं, हा वाद वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस अपरिचित नाहीं. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीसमोर उपोषणें होतात, औरंगाबाद खंडपीठाचा एखादा निवाडा छापून येतो, आणि आपण पान उलटतों. परंतु हा वाद केवळ सवलतींचा नाहीं. मनुष्य कोण आहे हें कशावरून ठरवावयाचें, त्याच्या कागदावरून कीं त्याच्या चालीरीतींवरून, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर आपल्या न्यायालयांनीं तीस वर्षांत एकाच प्रकारें दिलेलें नाहीं.

प्रथम यादी कशी झाली तें पाहूं. इंग्रजी अमदानींत लोकांची वर्गवारी करण्याचा सरकारचा हव्यास मोठा. जेम्स कॅम्पबेल यांनीं संपादिलेल्या गॅझेटियरचा खानदेशाचा खंड १८८० सालीं निघाला. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यांतील जाती व जमाती यांवरील तीन खंड १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध झाले. हे ग्रंथ ज्या लोकांविषयीं लिहिले गेले त्यांपैकीं फारच थोड्यांनीं ते वाचले असतील. पण आज त्यांच्याच नातवंडांविरुद्ध किंवा नातवंडांच्या बाजूनें ते न्यायालयांत वाचले जातात. पुढें १९२८ सालीं मुंबई सरकारनें स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. १९३० सालच्या अहवालांत या समितीनें मागासलेल्यांचे तीन वर्ग पाडले : अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासलेले. येथून पुढें 'आदिवासी' हें केवळ वर्णन राहिलें नाहीं. तो सरकारी दप्तरांतील एक कप्पा झाला.

स्वतंत्र भारताच्या घटनेनें त्या कप्प्यास कुलूप लावलें. ३४२ व्या कलमान्वयें राष्ट्रपतींनीं जमातींची यादी जाहीर करावयाची, आणि एकदां जाहीर झाल्यावर तींत भर घालण्याचा किंवा तींतून कांहीं वगळण्याचा अधिकार फक्त संसदेचा. ६ सप्टेंबर १९५० रोजीं ती पहिली यादी निघाली व १९५६ सालीं ती सुधारण्यांत आली. या १९५६ च्या यादींतील दोन नोंदी खानदेशच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, कोळी ढोर, टोकरे कोळी, कोलचा किंवा कोलघा ही. तिला खानदेशांत प्रदेशाची आडकाठी नव्हती. दुसरी, ठाकूर किंवा ठाकर ही. ती मात्र नगर, कुलाबा, नाशिक, पुणें व ठाणें या जिल्ह्यांतील अकोलें, इगतपुरी, जुन्नर, कर्जत अशा ठराविक तालुक्यांपुरतीच होती. म्हणजे सह्याद्रीच्या कुशींतला ठाकूर आदिवासी, आणि अमळनेरचा किंवा शिरपूरचा ठाकूर आदिवासी नव्हे! तीच गोष्ट महादेव कोळ्यांची. तेही याच पांच जिल्ह्यांतील मानले गेले.

दोन्ही समाजांची अडचण वेगळी आहे, आणि हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें चर्चेंत पुष्कळ गोंधळ होतो. कोळ्यास शब्द अपुरा पडतो. यादींत नुसता 'कोळी' नाहीं. तेथें 'टोकरे कोळी' आहे, आणि जुन्या रजिस्टरांत तर बहुधा नुसता 'कोळी'च आढळतो. टोकर म्हणजे बांबू, त्याचें काम करणारे ते टोकरे, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. तापीच्या कांठीं नाव चालविणारा आणि मासे धरणारा कोळी व बांबू विणणारा हा कोळी एक कीं दोन, हा खरा वादाचा मुद्दा. त्यांतच राज्य सरकारच्या विशेष मागास प्रवर्गाच्या यादींत 'अहिर कोळी' व 'खानदेशी कोळी' अशीं नांवें आहेत. तेव्हां दाखला मागणारास अधिकारी म्हणतो, "तुम्ही खानदेशचे कोळी, तुमची यादी ती दुसरी." ठाकुराची गोष्ट याच्या उलट. त्याच्या आजोबाच्या दाखल्यावरील 'ठाकूर' हा शब्द यादींतल्या शब्दाशीं अक्षरशः जुळतो. पण ठाकूर हें नांव भाटांतही चालतें, रजपुतांतही चालतें. म्हणून त्यास विचारावयाचें तें असें कीं, "शब्द बरोबर आहे, पण तुम्ही त्या शब्दाचे आहां काय?"

संसदेनें १९७६ सालीं कायदा करून प्रदेशाचें बंधन काढून टाकलें, व २७ जुलै १९७७ पासून तो अमलांत आला. हेतु चांगलाच होता. मनुष्य एका तालुक्यांतून दुसऱ्यांत गेला म्हणून त्याची जमात बदलत नाहीं. पण परिणाम पहा. १९७१ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारें २९ लाख ५४ हजार होती. १९८१ सालीं ती ५७ लाख ७२ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! इतकीं लेंकरें कोणत्याही समाजांत जन्मास येत नाहींत. कांहीं वाढ न्याय्य होती, कारण यादीबाहेर राहिलेले खरे आदिवासी आंत आले. पण नांवाच्या सारखेपणाचा लाभ घेऊन आंत शिरलेलेही थोडे नव्हते. कोणते कोण, हें निवडण्याचें काम तपासणी समित्यांवर आलें.

या समित्यांच्या कामास आज जी पद्धति आहे ती एका खटल्यांतून निघाली. महादेव कोळी असल्याचा दावा करणाऱ्या दोन बहिणींच्या वैद्यकीय शिक्षणाचा तो खटला. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू कोळी' अशी नोंद होती. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर १९९४ मध्यें दावा फेटाळला, आणि दाखले कसे द्यावेत व तपासावेत याचे सविस्तर नियम घालून दिले. समितीच्या हाताखालीं एक दक्षता पथक असावें, त्यांतील पोलिस अधिकाऱ्यानें अर्जदाराच्या मूळ गांवीं जाऊन चौकशी करावी, कुलदैवत, लग्नाचे विधी, मर्तिकाच्या चाली, बोली यांची माहिती घ्यावी, असें ठरलें. त्याच निवाड्यांत न्यायालयानें घटनेपूर्वींच्या शाळानोंदींस पुराव्यांत मोठें मोल दिलें. त्यामागील तर्क सरळ आहे. १९३० सालीं 'ठाकूर' म्हणवून घेण्यांत लाभ कांहींच नव्हता. तेव्हां त्या काळचा कागद खोटें बोलण्याचा संभव कमी.

येथून कागद आणि चालीरीति यांचा झगडा सुरू झाला. जळगावच्या एखाद्या वसाहतींत वाढलेली, दहावीला चांगले गुण मिळविलेली मुलगी समितीपुढें उभी रहाते, आणि तिला विचारतात कीं तुमच्यांत मृतास पुरतात कीं जाळतात, लग्नांत कोणतें गाणें म्हणतात. तिनें बरोबर सांगितलें तर तें पुस्तकांतून पाठ केलें असेल. चूक सांगितलें तर ती आदिवासी नव्हे! ज्या शिक्षणासाठीं हा सारा खटाटोप, त्या शिक्षणानेंच ती परीक्षेंत नापास होते. तापीकांठचा कोळी वाल्मीकींची जयंती साजरी करतो, म्हणून त्यास हिंदू जातींत टाकावें असेंही कोणी सुचवितात. परंतु यावल-रावेर भागांतील तडवी भिल्ल मुसलमान आहेत, आणि ते यादींत आहेत. कारण अनुसूचित जमातींस धर्माची अट मुळींच नाहीं. मग देव कोणता हें विचारून काय साधावयाचें?

न्यायालयांसही ही अडचण दिसूं लागली. २०११ सालच्या एका निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, स्थलांतर, नवें शिक्षण आणि इतर समाजांचा सहवास यांमुळें जमातींच्या चाली बदलतात. चालीरीतींची कसोटी हीच एक निर्णायक मानूं नये, ती कागदपत्रांस पूरक समजावी. पण पुढील निवाडे एका सुरांत बोलले नाहींत. कोठें कागदास महत्त्व, कोठें चालीस. खंडपीठापुढें एकाच कुटुंबांतील दोन चुलतभावांचे दावे येत. एकाचा दाखला वैध, दुसऱ्याचा अवैध. रक्त एक आणि जमाती दोन!

या वादाची दुसरी बाजू न सांगतां पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. धडगांवचा पावरा, सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल आणि साक्रीचा कोकणा यांच्या वांट्याच्या जागा नांवसाधर्म्यानें दुसऱ्यानें घेतल्या, तर त्यांनीं कोणाकडे जावें? त्यांच्यापाशीं कित्येकदां १९३० चा कागदच नसतो, कारण १९३० सालीं त्यांच्या पाड्यावर शाळाच नव्हती. तपासणींत जुन्या रजिस्टरांत 'कोळी' या शब्दाअगोदर वेगळ्या शाईनें व वेगळ्या हातानें 'टोकरे' लिहिलेलें सांपडतें, हें प्रकार काल्पनिक नाहींत. चोपडा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. २०१९ सालीं तेथून निवडून आलेल्या प्रतिनिधींचा टोकरे कोळी असल्याचा दाखला नंदुरबारच्या समितीनें अवैध ठरविला, आणि २०२२ सालीं औरंगाबाद खंडपीठानें तो निर्णय कायम ठेवला. अशा वेळीं भिल्ल मतदाराच्या मनांत काय आलें असेल, हें कोणी त्यास विचारलें नाहीं.

खोट्या दाव्यांविरुद्ध कायदाही कठोर होत गेला. विदर्भांतील हलबा-कोष्टींच्या खटल्यांत २००० सालच्या नोव्हेंबरांत पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें सांगितलें कीं, यादी जशी आहे तशीच वाचावी. 'हलबा' या शब्दांत 'हलबा-कोष्टी' येतात असें पुराव्यानें सिद्ध करावयास न्यायालय मोकळें नाहीं. मात्र ज्यांचे प्रवेश व नेमणुका कायम झाल्या होत्या त्यांना धक्का लावला नाहीं. २००१ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्राचा जातपडताळणीचा कायदा अमलांत आला, व २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें संरक्षणही पुढच्यांस नाकारलें : दाखला खोटा ठरला कीं नोकरी गेली. हजारो घरांवर टांगती तलवार आली. २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयानें राज्य सरकारनें अशा नोकरांना 'अधिसंख्य' पदांवर वर्ग केलें. हा शब्द कोणी शोधून काढला कोण जाणे. माणूस कचेरींत आहे, काम करतो आहे, आणि तरीही हिशेबांत तो जादा.

शेवटीं ठाकुरांचाच वाद मोठ्या पीठापुढें गेला. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणांत २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं निर्णय दिला. चालीरीतींची कसोटी ही लिटमसच्या कागदासारखी नव्हे, प्रत्येक दाव्यांत ती अवश्य लावलीच पाहिजे असें नाहीं. कागदपत्रांवरून समितीचें समाधान होत असेल तर प्रकरण दक्षता पथकाकडे पाठविण्याचेंही कारण नाहीं. बापाच्या बाजूच्या रक्ताच्या नातलगास रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर तिला मान द्यावा. कागद जिंकला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण हा विजय ठाकुरांस जितका उपयोगी, तितका कोळ्यांस नाहीं. ठाकुराच्या कागदावर निदान त्याचा शब्द आहे. कोळ्याच्या कागदावर अर्धाच शब्द आहे, आणि उरलेला अर्धा मिळविण्यासाठीं तो अजून गांवोगांव कोतवाल-बुकें धुंडाळतो आहे. यांतल्या कित्येक नोंदी मोडींत आहेत, आणि मोडी वाचणारे आतां विरळ झाले. तेव्हां मोडी जाणणारा कोणी निवृत्त लेखनिक गांठावयाचा, त्याच्यापुढें तें जीर्ण पान ठेवावयाचें, आणि चष्मा सांवरून तो 'को' च्या मागें पुसट दिसणारें तें अक्षर 'टो' आहे कीं नुसता शाईचा डाग आहे, हें सांगेपर्यंत श्वास रोखून बसावयाचें.