नाव आणि पत्ता: हार्ड डिस्क कोणत्या पोर्टला?

संगणकात दोन सारख्याच हार्ड डिस्क आहेत, त्यातली एक पुसायची आहे. भलतीच पुसली, तर उमराण्याच्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याचे वर्षाचे हिशेब गेलेच म्हणून समजा!

आयडीईच्या काळात हा घोळ कमी होता. रुंद पट्टीसारख्या एका केबलवर दोन डिस्क बसत. मास्टर कोण, स्लेव्ह कोण, ते जंपरने ठरे. (२००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने या शब्दांवरच हरकत घेतली. रास्तच होती.) लिनक्स पहिल्या केबलवरच्या मास्टरला ‘एचडीए’ म्हणे, स्लेव्हला ‘एचडीबी’. म्हणजे नाव हाच पत्ता.

पुढे साटाचं प्रमाणपत्रक आलं. एका पोर्टला एक डिस्क, जंपर गेला. सोय झाली खरी, पण आता ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात. संगणक पुन्हा सुरू केला की बदलूही शकतात. कर्नलच्या नोंदीत ‘एटीए १’ दिसतं, पण बोर्डावर पुष्कळदा शून्यापासून आकडे छापलेले असतात.

म्हणून मी सीरियल नंबर धरतो. तो पडद्यावर दिसतो, डिस्कच्या लेबलवरही असतो. दोन्ही जुळले, की संगणक बंद करून केबल बोटाने धरत बोर्डापर्यंत जायचं आणि तिथला आकडा वाचायचा.