नव्वदीतली ताकद: एका शोधाची गोष्ट

या भागाचं हे लिखित रूप. आजचा प्रश्न साधा आहे. म्हातारपणी हातापायांतली ताकद जाते, ती परत आणता येते का? याचं पक्कं उत्तर मिळायला 1990 साल उजाडावं लागलं.

सुरुवात आपल्याकडून करू. महाराष्ट्रात व्यायाम काही नवा नाही. तालमी होत्या, जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता. पण तालीम म्हणजे पोरांची जागा. वय झालं की माणूस वस्ताद व्हायचा आणि बाजूला बसून शिकवायचा.

याला एक ठळक अपवाद म्हणजे औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. जन्म 1868 चा. तरुणपणी त्यांनी यूजीन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला, पुढे सूर्यनमस्कार धरले आणि संस्थानातल्या शाळांमध्येही ते सुरू केले. 1938 साली त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलं, तेव्हा राजेसाहेब सत्तरीला टेकले होते. नमस्कार सुटले नव्हते.

पण एका राजाचं उदाहरण म्हणजे पुरावा नाही. शिवाय त्यांनी व्यायाम कधी थांबवलाच नव्हता. खरा प्रश्न आहे तो ज्यांचं अंग हलायचं थांबलं, त्यांचा.

आणि हा प्रश्न मला आमच्या कशेळीत रोज दिसतो. ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडला की आमचं गाव. आता ओळख गोदामांची आणि टॉवरची, पण आधी इथे भातशेती होती. माझ्या आजीच्या पिढीच्या बायका पावसात दिवसभर वाकून लावणी करायच्या, डोक्यावरून भारे वाहायच्या. व्यायाम हा शब्द त्यांनी कधी वापरला नसेल. मग शेतं गेली, लिफ्ट आली, काम थांबलं. थोड्याच वर्षांत आजीला जमिनीवरून उठताना हात द्यावा लागायला लागला. सगळे म्हणाले, "वय झालं."

पण नुसतं वयच झालं होतं का?

डॉक्टरांकडेही बराच काळ या झिजेला वेगळं नाव नव्हतं. 1988 साली अमेरिकेत एका बैठकीत अर्विन रोझेनबर्ग यांनी नाव सुचवलं: सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. नाव मिळालं की गोष्ट मोजता येते, तिच्यावर संशोधन होतं.

दोनच वर्षांनी, 1990 मध्ये, मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या 10 जणांवर प्रयोग केला. सरासरी वय 90. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांड्यांचा वजनाचा व्यायाम. वजनही लुटुपुटूचं नाही, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली! दोघांची काठी सुटली.

गंमत बघा, मांडीच्या मधल्या भागात स्नायू वाढले फक्त 9 टक्के. मग एवढी ताकद आली कुठून? बराचसा वाटा नसांचा. आहे त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकदम कामाला लावायला मेंदू आणि नसा पुन्हा शिकतात. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर थोडं वाढलं, सॉफ्टवेअर खूप सुधारलं. पण व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद 32 टक्क्यांनी उतरली.

दहा जण म्हणजे फारच कमी, असं तुम्ही म्हणाल. म्हणून 1994 मध्ये त्याच गटाने 100 जणांवर मोठा प्रयोग केला. वयं 72 ते 98. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलं, त्यांचा अशक्तपणा काही कमी झाला नाही. म्हणजे "आजीला प्रोटीन पावडर आणून दिली, झालं काम" असं नाही. जेवणात डाळ, अंडी, मासे हवेतच, पण स्नायूंवर भारही पडायला हवा.

या इतिहासातून मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वय झालं म्हणून माणूस बसतो, हे खरं. पण बसला म्हणूनही त्याचं वय झाल्यासारखं दिसतं. आणि आपण प्रेमाने "तू बस गं, मी करतो" म्हणतो, तेव्हा त्यात भरच घालत असतो.

घरी काय करता येईल? भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला आधार लागला तरी चालेल. श्वास रोखायचा नाही, जवळ कोणीतरी थांबायचं. सोपं वाटलं की थोडं अवघड करायचं, कारण त्याच त्या भाराने ताकद वाढायची थांबते. बीपी, हृदयाचा त्रास किंवा सांध्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरातल्या ज्येष्ठांना हा भाग नक्की ऐकवा, आणि त्यांच्यासोबत पहिल्या पाच बैठका तुम्हीही काढा. भेटू पुढच्या भागात.